सातबारा नसलेलं राज्य



गेल्या वर्षी महिनाभर लेकीकडे इटलीला राहून आले. तिथे भाजी कशी मिळवली, दशम्या किती दिवस टिकल्या, हे सगळं तुम्हांला सांगून झालंच आहे. आज एका बंद दाराच्या किल्लीच्या भोकाबद्दल लिहिते.

रोममध्ये अ‍ॅव्हेंटाइन नावाची टेकडी आहे. वर शांत रस्ता, संत्र्याच्या झाडांची बाग आणि पुढे एक छोटासा चौक. त्या चौकात एक मोठं हिरवं दार आहे, बंद. आणि त्या बंद दारापुढे माणसांची ही रांग! एकेक जण पुढे होतो, वाकतो, किल्लीच्या भोकाला डोळा लावतो, आणि हसत बाजूला होतो. मला वाटलं काहीतरी थट्टा असेल. लेक म्हणाली, "आई, तू बघ तर." गुडघे सांभाळत वाकले. आत दोन्ही बाजूंनी कातरलेली हिरवीगार झुडपं, त्यांची बोगद्यासारखी वाट, आणि वाटेच्या टोकाला, अगदी बरोबर मधोमध, सेंट पीटर चर्चचा घुमट.

"आत्ता तू एका डोळ्यानं तीन राज्यं बघितलीस," लेक म्हणाली. "घुमट व्हॅटिकनचा, मधलं शहर इटलीचं, आणि ही बाग माल्टाच्या नाइटांची."

"म्हणजे माल्टा देशाची?"

"नाही गं. माल्टा देश वेगळा. या नाइटांना देशच नाही. पण राजदूत आहेत."

देश नाही आणि राजदूत आहेत, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मागच्या बाईची वेळ झाली म्हणून बाजूला झाले, पण तो प्रश्न माझ्याबरोबर विमानात बसून घरी आला. मग मिळेल ते वाचत गेले. त्यातलं जे नीट समजलं ते तुम्हांला सांगते.

या मंडळींचं पूर्ण नाव फार लांबलचक आहे. जेरुसलेम, ऱ्होड्स आणि माल्टा येथील संत जॉनचा सार्वभौम, लष्करी, रुग्णसेवी संघ. आपण नुसतं संघ म्हणू. नावात तीन गावं आहेत आणि तिन्ही गावं हातातून गेलेली. आपल्याकडे नाही का, आडनावात गाव राहतं आणि सातबारा कधीच दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो, तसंच. फरक इतकाच की सातबारा गेल्यावर आपलं पाटीलपण कुणी मानत नाही. यांचं मात्र शंभरावर देश मानतात.

सुरुवात झाली दवाखान्यापासून. अकराव्या शतकात इटलीतल्या अमाल्फी गावच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा आणि रुग्णालय उभं केलं. त्याचा कारभार जेरार्ड नावाचा एक धर्मबंधू पाहत होता. 15 फेब्रुवारी 1113 रोजी पोप दुसरे पास्काल यांनी या रुग्णालयाच्या नावे एक आज्ञापत्र दिलं. त्यात संरक्षण होतं, देणग्यांची मान्यता होती, आणि एक महत्त्वाचं कलम होतं: जेरार्डनंतर तुमचा प्रमुख तुम्हीच निवडायचा, बाहेरच्या कुणी तो तुमच्यावर लादायचा नाही. आज नऊशे वर्षांनंतरही हा संघ आपल्या सार्वभौमत्वाचं मूळ म्हणून त्याच कागदाकडे बोट दाखवतो. जमिनीचा नव्हे, आपला मुख्य आपण निवडण्याच्या हक्काचा कागद.

त्या रुग्णालयाबद्दल वाचताना मी जेवण विसरले. 1182 साली त्यांनी नियम लिहून काढले, ते आजही उपलब्ध आहेत. चार जाणते वैद्य ठेवावेत. खाट माणसाला नीट पसरता येईल इतकी लांबरुंद असावी, तिला स्वतंत्र चादर असावी. रात्री उठून बाहेर जावं लागलं तर रोग्याला अंगावर घ्यायला वस्त्र आणि पायात घालायला जोडा असावा. आणि यात्रेला आलेल्या बायका इथे बाळंत होतात, तर त्यांच्या बाळांसाठी छोटे पाळणे करावेत, म्हणजे झोपेत आईच्या हालचालीनं बाळाला इजा होणार नाही. विचार करा, साल 1182! ज्यानं हे लिहिलं त्याला कुणा सुईणीनंच सांगितलं असणार, असं मला आपलं वाटतं.

रोग्यांना ते 'आमचे धनी' म्हणत. संघाचे लोक सेवक आणि खाटेवरचा माणूस मालक. मुसलमान आणि ज्यू रोग्यांनाही ते घेत, आणि ज्याला डुकराचं मांस वर्ज्य त्याच्या ताटात ते येणार नाही, दुसरं काही वाढलं जाईल, याची काळजी घेत, असं त्या काळच्या एका वर्णनात आहे. आपलं खाणं वेगळं, तरीही परमुलखात ताटात काय येईल ही धास्ती आपल्याइतकी कुणाला कळणार?

आता पुढचं मात्र माझ्या पचनी पडलं नाही, तेही सांगते. जेरार्डनंतर रेमंड द प्वी हा प्रमुख झाला आणि त्याच्या काळात या रुग्णसेवकांनी शस्त्र हाती घेतलं. आधी यात्रेकरूंच्या वाटेवरच्या संरक्षणासाठी, मग हळूहळू क्रुसेडच्या लढायांत पूर्ण फौज म्हणून. ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतलेली माणसं घोड्यावर चिलखत घालून बसली. व्रती माणूस आणि तलवार ही जोडी आपल्या मनाला पटूच शकत नाही. त्यांच्या इतिहासकारांनी याची कारणं पुष्कळ दिली आहेत. मी ती वाचली आणि बाजूला ठेवली.

मग सुरू झालं ते उठणं आणि बसणं. 1187 मध्ये सलाउद्दीननं जेरुसलेम घेतलं, संघ तिथून उठला. 1291 मध्ये अक्रा बंदर पडलं, तिथूनही उठला. सायप्रसला आसऱ्याला गेला, पण दुसऱ्याच्या राज्यात आश्रित म्हणून किती दिवस राहणार? 1310 पर्यंत त्यांनी ऱ्होड्स बेट जिंकून घेतलं आणि तिथे ते खरोखरीचे राज्यकर्ते झाले. स्वतःचं आरमार, स्वतःची नाणी, युरोपातल्या दरबारांत स्वतःचे वकील. दोनशे वर्षं हे चाललं. 1522 मध्ये तुर्कांचा सुलतान सुलेमान प्रचंड फौज घेऊन आला. सहा महिने वेढा चालला. शेवटी सुलतानानं त्यांना सन्मानानं जाऊ दिलं आणि 1 जानेवारी 1523 रोजी उरलेले नाइट जहाजांत बसून निघाले.

यानंतरची सात वर्षं मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतात. हातात इंचभर राज्य नाही. आज या बंदरात, उद्या त्या गावात. तरी त्यांचा प्रमुख, ज्याला ग्रँड मास्टर म्हणतात, त्याला राजे आपल्या बरोबरीचा मानून भेटत होते, त्याचे वकील दरबारात उभे राहत होते. युरोपभर पसरलेल्या इस्टेटींचं उत्पन्न येत होतं हे एक कारण. पण नुसत्या पैशानं मान मिळत नाही, हे आपल्याला व्यापारी घरांत राहून ठाऊक आहे. यांना मान मिळाला कारण समोरच्यानं तो द्यायचं चालू ठेवलं. राज्य जाऊनही राज्य म्हणून वागवलं जाण्याची ही त्यांची पहिली तालीम होती म्हणा.

1530 मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स यानं त्यांना माल्टा बेट दिलं. भाडं किती? वर्षाला एक ससाणा! शिकारीचा तो पक्षी दरवर्षी ठरलेल्या सणाला पाठवायचा. बेट उजाड, पाणी कमी, नाइट काही खूश नव्हते म्हणतात. पण तिथेच ते दोनशे अडुसष्ट वर्षं राहिले. 1565 मध्ये तुर्कांचा मोठा वेढा त्यांनी परतवला, आणि त्यांच्या ग्रँड मास्टरच्या, ला व्हॅलेटच्या नावानं पुढच्या वर्षी व्हॅलेटा शहराची पायाभरणी झाली. आजही माल्टा देशाची राजधानी तीच. तिथे त्यांनी जे रुग्णालय बांधलं त्याचा मोठा दालनखंड सुमारे दीडशे मीटर लांब होता आणि रोग्यांना चांदीच्या भांड्यांत जेवण दिलं जाई. त्यात ऐट होती तशी स्वच्छताही होती. चांदीचं भांडं घासायला सोपं, हे आपल्या आज्याही सांगायच्या.

पण याच बेटाच्या बंदरात गुलामांचा बाजारही होता. समुद्रात शत्रूची गलबतं लुटायची, माणसं पकडायची आणि त्यांना वल्ह्यांवर साखळीनं बांधायचं. तुर्कांची आणि उत्तर आफ्रिकेची गलबतंही हेच करत, तो काळच तसा होता, असं म्हणतात. म्हणोत. एका हातानं रोग्याला चांदीच्या वाटीतून सूप पाजायचं आणि दुसऱ्या हातानं माणूस साखळदंडानं बांधायचा, हे दोन्ही एकाच संघानं केलं. लिहिताना एक बाजू लपवली तर दुसरीही खोटी वाटते, म्हणून सांगितलं.

1798 च्या जूनमध्ये नेपोलियन इजिप्तला जाता जाता माल्टाला थांबला. ताफ्याला पाणी भरायचं आहे म्हणाला. नाइट म्हणाले, एका वेळी चारच जहाजं आत येतील. तेवढं निमित्त त्याला पुरलं. ज्या बेटानं 1565 चा वेढा महिनोन्‌महिने सोसला ते दोन-तीन दिवसांत गेलं. नाइटांपैकी बरेच फ्रेंचच होते, शिवाय ख्रिस्ती माणसांवर शस्त्र उचलायचं नाही हा त्यांचा नियम. ग्रँड मास्टर होम्पेश बेट सोडून गेला. फ्रेंचांनी चांदी नेली.

आता या वेळी मात्र सगळं संपलंच असं कुणीही म्हटलं असतं. त्यातून एक विचित्र प्रकार घडला. काही नाइटांनी रशियाच्या झारला, पहिल्या पॉलला, आपला ग्रँड मास्टर म्हणून निवडलं. झार लग्न झालेला, दुसऱ्या पंथाचा, आणि हा संघ कॅथलिक ब्रह्मचाऱ्यांचा! पोपनं ते कधी मान्य केलं नाही आणि 1801 मध्ये झारचा खून झाला. 1802 च्या अमिएन्सच्या तहात माल्टा नाइटांना परत देण्याचं ठरलं होतं. इंग्रजांनी दिलं नाही. 1814 च्या तहानं ते कायमचं इंग्रजांचं झालं. व्हिएन्नाला सगळे राजे युरोपची वाटणी करायला जमले तेव्हा नाइटांचे वकील तिथेही गेले. आमचं बेट द्या, नाहीतर दुसरं काही द्या. कुणी काही दिलं नाही. घरच्या वाटण्यांत एखादी परतून आलेली आत्या कोपऱ्यात बसून असते, तशी त्यांची गत झाली.

1805 ते 1879 त्यांना ग्रँड मास्टरसुद्धा नव्हता, नुसता कारभारी. मेसिना, कॅटानिया, फेरारा असं करत 1834 मध्ये ते रोमला येऊन थांबले. तिथल्या वाया कोंडोट्टी नावाच्या रस्त्यावरचा वाडा हे त्यांचं मुख्यालय. मी तो बाहेरून पाहिला. दोन्ही बाजूंना महागड्या पर्सांची दुकानं, पर्यटकांची झुंबड, आणि मध्येच एक कमान, वर तांबड्यावर पांढऱ्या क्रॉसचा झेंडा. हा वाडा आणि टेकडीवरची ती बागेची जागा, एवढ्यावर त्यांचं कार्यालय चालतं. लेकीनं तीन राज्यं म्हटलं ते गमतीनं. जमीन इटलीचीच आहे, पण या दोन जागांच्या आत इटलीचे पोलीस किंवा अंमलदार परवानगीशिवाय शिरत नाहीत, परदेशी वकिलातीत शिरत नाहीत तसं.

रोमला येईपर्यंत तलवार गळून पडली होती आणि हातात उरला तो पहिला दवाखाना. युद्धांत त्यांनी रुग्णवाहू आगगाड्या चालवल्या, रुग्णालयं काढली. आणि गंमत अशी की लढणं सुटल्यावरच त्यांच्या राजदूतांची संख्या वाढत गेली.

राज्य म्हणायला काय लागतं? जमीन, माणसं, सरकार. शाळेत नागरिकशास्त्रात आपण हेच लिहिलं. यांच्याकडे जमीन नाही. रयत नाही. सरकार आहे: ग्रँड मास्टर, त्याची परिषद, आणि ग्रँड चान्सलर, जो परराष्ट्रमंत्र्याचं काम पाहतो. आणि चौथी गोष्ट आहे, जी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते: इतरांची मान्यता. 1935 मध्ये इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं या संघाचं सार्वभौमत्व मान्य केलं. आज एकशे दहाहून अधिक देशांशी त्यांचे राजनैतिक संबंध आहेत. त्यांत कॅथलिक देश आहेत तसे मुसलमानबहुल आणि बौद्धबहुल देशही आहेत. आपला भारत त्या यादीत नाही, अमेरिकाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं 1994 च्या ऑगस्टमध्ये त्यांना निरीक्षक म्हणून बसायची जागा दिली. मत नाही, पण बोलता येतं.

त्यांचा राजदूत एखाद्या देशात जातो तेव्हा सगळं रीतसर होतं. राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्र सादर करायचं, गाडीला झेंडा, सगळं. फक्त हे राजदूत बहुतेक बिनपगारी असतात. स्वतःचा व्यवसाय सांभाळून किंवा निवृत्तीनंतर हे काम करतात. संघाचे राजनैतिक पासपोर्ट सुमारे पाचशेच लोकांकडे असतात आणि तेही पद असेपर्यंत. त्यांचं स्वतःचं नाणं आहे, स्कुडो नावाचं, ज्यानं बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा मिळत नाही. 1966 पासून त्यांची स्वतःची टपाल तिकिटं आहेत, पण ती ज्या देशांशी टपालाचा करार आहे तिथल्याच पत्रांवर चालतात. माझ्या भाच्यानं हे ऐकून लगेच तिकिटांची मागणी केली. नाही आणली रे बाबा, तेव्हा ठाऊकच नव्हतं.

हे नाणी-तिकिटांचं मला आधी बाहुलीच्या लग्नासारखं वाटलं होतं. पण राजदूत कशाला हवेत, ते औषधांच्या खोक्यांवरून कळतं. भूकंप झालेल्या किंवा लढाई चाललेल्या देशात औषधं घेऊन जायचं, तर विमानतळावर अडतं, जकातीवर अडतं, व्हिसावर अडतं. परदेशी सरकारची मदत म्हटली की समोरचा संशयानं बघतो, याच्यामागे यांचा डाव काय. साध्या संस्थेनं विचारलं तर कारकुनाच्या टेबलावर फाइल पडून राहते. हे लोक मधल्या जागेत उभे असतात. त्यांना कुणाची जमीन नको, कारण जमीन ठेवायला त्यांचं राज्यच नाही. आणि ते थेट मंत्र्याशी बरोबरीनं बोलू शकतात, कारण त्यांचा माणूस राजदूत आहे. जमीन नसणं हेच इथे भांडवल झालं.

1989 ची एक हकिगत सांगते. पूर्व जर्मनीतले हजारो लोक त्या उन्हाळ्यात हंगेरीत येऊन अडकले होते. पश्चिमेकडे जायचं, पण सरहद्द ओलांडू देत नाहीत, आणि मागे फिरलं तर तुरुंग. बुडापेस्टमधली पश्चिम जर्मनीची वकिलात माणसांनी इतकी भरली की ती बंद करावी लागली. तेव्हा झुगलिगेट भागातल्या चर्चचे धर्मगुरू इम्रे कोझ्मा यांनी आपलं आवार उघडलं. त्यांच्याबरोबर होत्या चिल्ला फॉन बोझेलागर, हंगेरीत जन्मलेल्या आणि जर्मनीत संसार केलेल्या बाई. दोघांनी मिळून त्याच वर्षी या संघाची हंगेरीतली सेवासंस्था सुरू केली होती, अजून तिची घडीही बसली नव्हती. चर्चच्या आवारात तंबू लागले. खाणं, अंथरुणं, लहान मुलांचं दूध. एक छावणी पुरेना म्हणून आणखी निघाल्या. साम्यवादी देशाच्या राजधानीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. 11 सप्टेंबरला हंगेरीनं सरहद्द उघडली आणि ती माणसं गेली. दोन महिन्यांनी बर्लिनची भिंतच पडली. इतिहासाच्या पुस्तकात भिंतीवर हातोडा मारणारे दिसतात. त्याआधी कुणीतरी हजारो माणसांची सकाळची न्याहारी केली होती, ते फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं असतं. चिल्लाबाई 1994 मध्ये गेल्या.

आणि बेथलेहेम. येशूचा जन्म जिथे झाला असं मानतात त्या चर्चपासून जवळच होली फॅमिली नावाचं रुग्णालय आहे. पूर्वी फ्रेंच सिस्टर्सनी चालवलेलं, 1985 मध्ये बंद पडलेलं. 1990 पासून हा संघ तिथे प्रसूतिगृह चालवतो. येणाऱ्या बायका बहुतेक मुसलमान, काही ख्रिस्ती, सगळ्या गरजू. पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे. नाकेबंद्या, तपासणी नाके, गोळीबार, सगळं आजूबाजूला चालू असताना हे प्रसूतिगृह चालू राहिलं आहे. पॅलेस्टाईनशी संघाचे राजदूत पातळीवरचे संबंध आहेत, त्याचा इथे उपयोग होतो. ज्यांनी 1182 मध्ये जेरुसलेमला बाळांचे पाळणे वेगळे करायला सांगितलं, तीच मंडळी तिथून काही कोसांवर काचेच्या पेटीत बाळं वाढवताहेत.

इतकं वाचून मी मोठ्या कौतुकात होते. मग पोपचं प्रकरण वाचलं आणि थबकले.

संघ सार्वभौम आहे. पण त्याचा ग्रँड मास्टर हा व्रत घेतलेला धर्मबंधू असतो, आणि व्रतांत आज्ञापालन आहे. पोपची आज्ञा. मग राजा कोण? 1950 च्या सुमाराला हा वाद पेटला तेव्हा पोप बारावे पायस यांनी कार्डिनलांचं न्यायासन नेमलं. 24 जानेवारी 1953 चा त्यांचा निकाल असा की संघाला सार्वभौमत्वाचे काही अधिकार आहेत, पण ते त्याच्या कामापुरते, आणि धर्मसंघ म्हणून तो पोपच्या अधीन आहे. संघाला हा निकाल फारसा रुचला नाही.

ठिणगी पुन्हा उडाली 2016 च्या डिसेंबरात. म्यानमारमध्ये एड्स रोखण्याच्या कामात संघाच्या मदतसंस्थेकडून निरोध वाटले गेले होते. कॅथलिक चर्चला ते मंजूर नाही. त्यावरून ग्रँड मास्टर मॅथ्यू फेस्टिंग यांनी आपल्या ग्रँड चान्सलरना काढून टाकलं. पोप फ्रान्सिस यांनी चौकशी समिती नेमली. फेस्टिंग म्हणाले, आम्ही सार्वभौम आहोत, आमच्या घरातल्या नेमणुकांत तुमची चौकशी कशाला? पोपनी त्यांना बोलावून घेतलं आणि राजीनामा मागितला. 24 जानेवारी 2017 रोजी त्यांनी तो दिला. तारीख बघा, तीच, चौसष्ट वर्षांनी. काढलेले चान्सलर परत आले. पुढे 2022 च्या सप्टेंबरात पोपनी संघाला नवी घटनाच दिली. ग्रँड मास्टर व्हायला पूर्वी उमराव घराणं लागायचं ती अट गेली, आणि तहहयात पदाऐवजी दहा वर्षांची मुदत आली. 2023 च्या मे महिन्यात कॅनडाचे जॉन डनलॅप ग्रँड मास्टर म्हणून निवडून आले.

जुन्या घरांत बघितलंय ना आपण, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या कमरेला, पाहुणे सुनेला घरधनीण म्हणून मान देतात, आणि आतल्या खोलीतून सासूबाई नुसत्या खाकरल्या की सून उठून उभी. ती घरधनीण खोटी असते का? नाही. पण खरी किती, हे ज्या दिवशी दोघींचं पटत नाही त्या दिवशीच कळतं. मला फेस्टिंग यांचं कारण पटलं नाही. रोगापासून माणूस वाचत असेल तर त्यात चूक काय, हे माझं मत. पण त्यांचा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याचं उत्तर त्यांना सार्वभौम राजासारखं मिळालं नाही. 1113 च्या कागदातलं ते कलम, तुमचा प्रमुख तुम्हीच निवडायचा, हे आता नव्या घटनेनुसार कितपत उरलं, यावर त्यांच्यातच दोन मतं आहेत. शंभरावर देशांनी मान्यता द्यायची आणि ज्या एका माणसानं कधी प्रश्न विचारू नये, त्यानंच विचारायचा, असं ते झालं. एकाही देशानं मात्र या प्रकरणामुळे आपला राजदूत मागे घेतला नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते, कारण परदेशी जाणारी मुलं आता आपल्या घरोघरी आहेत. या संघाच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन नाइटपद आणि 'राजनैतिक पासपोर्ट' विकणाऱ्या टोळ्या जगभर आहेत. काही जण तर त्या रशियन झारपासूनचा वारसा सांगतात. खरा संघ पासपोर्ट विकत नाही, आणि तोतयांचा राजदूत कुठलाच देश स्वीकारत नाही. कुणी देऊ केलं तर हात जोडून निघून यायचं.

शेवटी माल्टाचं सांगायचं राहिलं. 1964 मध्ये माल्टा इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. त्यानंतर 1998 च्या डिसेंबरात माल्टा सरकार आणि हा संघ यांच्यात एक करार झाला. बंदराच्या तोंडाशी सेंट अँजेलो नावाचा जुना किल्ला आहे, 1565 च्या वेढ्यातला. त्याचा वरचा भाग संघाला नव्व्याण्णव वर्षांसाठी वापरायला दिला. मालकी माल्टाची. एकेकाळी ज्यांच्यावर राज्य केलं त्यांच्याकडूनच रीतसर कागद करून दोनशे वर्षांनी ते आपल्याच किल्ल्यात राहायला आले. व्हॅलेटात त्यांची वकिलातही आहे. किल्ल्यावर आता दोन झेंडे असतात, एक माल्टाचा आणि एक त्यांचा. या वेळी भाड्यात ससाणा आहे की नाही, हे लेकीनं मला फोनवर विचारलं. नाही म्हणाले.